टांग्याचा लगाम ते सेकंडहँड गाडीचे स्टिअरिंग : आपला प्रवास कोणाच्या हातात?

वस्तीतल्या एखाद्या घरासमोर जुनी मारुती किंवा अल्टो येऊन उभी राहिली की दोन बाजूंनी बोलणे सुरू होते. गावातले म्हणतात, "आता यांनाही गाड्या लागल्या!" आणि आपलेच काही जण म्हणतात, "घ्यायची तर नवी घ्यायची, हा खटारा कशाला?" पहिल्या बोलण्यामागे जात आहे, हे सांगायला नको. दुसऱ्या बोलण्यामागे काय आहे, याचा विचार मात्र आपण फारसा करत नाही.

आमची भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट करतो. शिलकीतून किंवा अगदी थोड्या कर्जात घेतलेली, रोज तीन-चार माणसांना कामाला, कॉलेजला, दवाखान्यात नेणारी जुनी गाडी ही चैन नाही. सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन दारात उभी केलेली नवी गाडी मात्र बहुतेक घरांसाठी नवा सावकार ठरते. हा केवळ खर्चाचा हिशोब नाही. आपल्या समाजाच्या प्रवासाचा इतिहास तपासला तर वाहनाचा प्रश्न हा आपल्यासाठी कायम माणूसपणाचा प्रश्न राहिला आहे, हे दिसते.

मसूर, १९०१

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहिलेला प्रसंग आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. पण तो आपण पाण्याचा प्रसंग म्हणून वाचतो. एकदा तो प्रवासाचा प्रसंग म्हणूनही वाचला पाहिजे.

साधारण १९०१ चा उन्हाळा. कुटुंब साताऱ्याला आणि वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीस. वडिलांनी सुटीत मुलांना बोलावले. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कोणीच आले नव्हते, कारण निरोपाचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते. कपड्यांवरून ही मुले चांगल्या घरची दिसत होती. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि "महार" हे उत्तर ऐकताच त्याचा चेहरा बदलला.

पुढे काय झाले ते नीट पाहा. स्टेशनबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. मुलांकडे पैसे होते आणि ती दुप्पट भाडे द्यायला तयार होती. तरीही एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. मुलांजवळ डबा होता, पण वाटेत प्यायला पाणी कोणी दिले नाही. ती रात्र मुलांनी उपाशी काढली.

"पैसा आला की जात जाते," असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचे उत्तर द्यावे. येथे पैसा होता, तोही दुप्पट. गिऱ्हाईक होते, गाडी होती, बैल होते. नफा समोर दिसत असूनही बाजार चालला नाही, कारण त्या बाजाराचा मालक जात होती.

चाळीसगाव, १९२९

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे, कारण तोवर भीमराव हे डॉ. आंबेडकर झाले होते. परदेशातल्या पदव्या होत्या, ते बॅरिस्टर होते आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. १९२९ साली त्या कामात ते चाळीसगावला उतरले. महारवाडा स्टेशनापासून दूर होता. पाहुण्याला पायी नेणे वस्तीतल्या लोकांना बरे वाटेना, म्हणून त्यांनी टांगा ठरवायचे ठरवले. एकही टांगेवाला यायला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि घोडा टांग्यासह नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला आणि ते काही दिवस जागेवरून हलू शकले नाहीत.

या घटनेवरून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष असा की, साधा टांगेवालाही, केवळ हिंदू असल्यामुळे, स्वतःला कोणत्याही अस्पृश्यापेक्षा श्रेष्ठ समजू शकतो, मग तो अस्पृश्य बॅरिस्टर का असेना.

आम्हाला या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. त्या दिवशी वस्तीकडे भाड्याचे पैसे होते आणि इच्छाही होती. वाहन आणि ते चालवण्याचे कौशल्य मात्र नव्हते. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या घोड्यावर बसू दिले नाही, त्या समाजातल्या माणसाने टांगा हाकायला शिकायचे कुठे? अपघात त्याच्या चुकीने झाला, असे म्हणणे सोपे आहे. पण लगाम इतकी वर्षे त्याच्या हातात येऊच दिला गेला नव्हता.

हा जुना काळ होता, असे कोणी म्हणेल. त्यांनी अट्रॉसिटी कायदा उघडून पाहावा. १९८९ च्या या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटरसायकल चालवण्यास, वरातीत घोड्यावर किंवा अन्य वाहनावर बसण्यास अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अडवणे हा गुन्हा आहे, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. एकविसाव्या शतकात संसदेला हे लिहावे लागले, कारण अडवणारे आजही आहेत.

लाल गाडीने काय दिले

गाडीची बाजू मांडताना एसटीचे ऋण विसरता येणार नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी बस धावली. सुमारे वीस महिन्यांनी संविधान लागू झाले आणि कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. कायद्यातली समता गावच्या फाट्यावर आणून उभी करण्याचे काम ज्या थोड्या गोष्टींनी केले, त्यात एसटी आहे. तिकिटावर जात छापलेली नसते. पैसे दिले की कंडक्टरला तिकीट द्यावेच लागते. आपल्या कितीतरी पिढ्या या लाल गाडीतून तालुक्याच्या हायस्कुलात गेल्या, होस्टेलवर गेल्या, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेल्या.

पण एसटी जिथे थांबते तिथून पुढचा रस्ता कोणाचा? शेवटची गाडी संध्याकाळी निघून गेली की पश्चिम महाराष्ट्रात वडाप आणि इतरत्र काळी-पिवळी जीप उरते. ती सीट भरल्याशिवाय हलत नाही आणि रात्री-अपरात्री कोणाला न्यायचे, हे चालक ठरवतो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या वेतनाचे प्रश्न खरे होते आणि त्या कर्मचाऱ्यांत आपलेही बांधव होते. पण त्या काही महिन्यांत एक गोष्ट उघडी पडली : ज्याच्या घरी वाहन होते त्याचे काम चालले, ज्याच्याकडे नव्हते त्याची मजुरी बुडाली, मुलीचे कॉलेज बुडाले.

मॉन्टगोमेरीच्या गाड्या

वाहन हे सामूहिक लढ्याचे हत्यार कसे होते, याचे सर्वात स्पष्ट उदाहरण अमेरिकेत सापडते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो समाजाच्या प्रश्नाशी आपले नाते सांगितले होते आणि १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा हे उदाहरण परके नाही.

अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात बसमधल्या पुढच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या. काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, अनेकदा पुन्हा खाली उतरून मागच्या दाराने आत जायचे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस चालला.

बहिष्कार घोषणेने सुरू होतो, पण दुसऱ्या दिवशी माणसाला कामावर जावेच लागते. सुरुवातीला काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, म्हणजे १० सेंटमध्ये, माणसे नेली. प्रशासनाने किमान भाड्याचा नियम दाखवून ते बंद पाडले. मग लोकांनी स्वतःच्या गाड्या बाहेर काढल्या. सुमारे ३०० गाड्यांचे जाळे उभे राहिले. कोणी कुठून बसायचे, कुठे उतरायचे, किती वाजता, याची ठिकाणे ठरली. चर्चेसनी मोठ्या स्टेशन वॅगन घेतल्या. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीण बाईने मैत्रिणींना जमवून जेवण आणि गोड पदार्थ विकले आणि तो पैसा या वाहतुकीच्या खर्चाला दिला. पैसे देणाऱ्या बायकांची नावे मालकांना कळू नयेत म्हणून त्यांनी आपल्या गटाला नाव दिले होते, 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', कुठूनही न आलेल्यांचा क्लब.

व्यवस्थेने मग गाड्यांवरच हल्ला केला. चालकांवर किरकोळ कारणांसाठी दंड लावले. खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांना २५ मैलांच्या हद्दीत ३० मैल वेगाने गाडी चालवली म्हणून जानेवारी १९५६ मध्ये अटक झाली. स्थानिक विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले, तेव्हा लंडनच्या लॉइड्समार्फत विमा मिळवावा लागला. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी स्थानिक न्यायालयाने ही सामूहिक वाहतूक बंद करण्याचा आदेश दिला. त्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला.

या इतिहासातून दोन धडे मिळतात. त्या गाड्या बस सोडून देण्यासाठी नव्हत्या, बसमध्ये सन्मानाने बसता यावे यासाठी होत्या. आणि त्या एकेकट्याच्या दारात उभ्या असत्या तर काहीच घडले नसते. वाटून वापरल्या म्हणून घडले.

जुनी गाडी आपल्या आवाक्यात कशी आली

आपल्याकडे पहिली कित्येक दशके मोटार हा मूठभरांचा विषय होता. अँबेसेडर आणि कुर्ल्यात तयार होणारी फियाट, म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी, यांसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. किंमत सुमारे ५० हजार. ती पहिल्यांदा घेतली मध्यमवर्गाने. आपल्या घरांपर्यंत ती पोहोचली दहा-पंधरा वर्षांनी, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून. राखीव जागेवर लागलेला शिक्षक, तलाठी, बँकेतला क्लार्क यांच्या घरी आलेली पहिली गाडी बहुधा अशीच जुनी होती.

याचे कारण गाडीच्या किमतीत आहे. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवण्याची प्रचलित पद्धत पाहा : सहा महिने उलटले की १५ टक्के, एक वर्ष झाले की २० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी ५० टक्के घट धरतात. म्हणजे पहिल्या मालकाने पाच वर्षांत अर्धी किंमत हवेत घालवलेली असते. गाडी तीच, इंजिन तेच, रस्ता तोच. जो दुसरा मालक होतो, तो ही घट भरत नाही.

नव्या गाडीचा हिशोब याउलट आहे. समजा, ५ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले. हप्ता महिन्याला सुमारे ८,३०० रुपये बसतो आणि सात वर्षांत जवळजवळ २ लाख रुपये व्याज जाते. एवढ्यात एक चांगली जुनी गाडी येते. एका मुलीचे शिक्षणही होते.

मग "खटारा" हा शब्द आला कुठून? टाटा नॅनोचे उदाहरण बघा. मार्च २००९ मध्ये ती बाजारात आली, मूळ मॉडेलची किंमत एक लाखाच्या घरात. गाजावाजा झाला तो सर्वात स्वस्त गाडी म्हणून आणि तेच तिला महागात पडले. ही प्रतिमा नडली, हे रतन टाटांनीही पुढे मान्य केले. स्वस्त गाडीत बसलेले दिसणे लोकांना नको होते. ज्या समाजात माणसाची किंमत जन्मावर ठरते, तिथे वस्तूची किंमतही दिखाव्यावर ठरते. आपण या मूल्यव्यवस्थेचे बळी आहोत. तिचे गिऱ्हाईक होण्याचे आपल्याला कारण नाही. बुद्धाने व्यग्घपज्ज सुत्तात गृहस्थाला समजीविता सांगितली आहे : मिळकत आणि खर्च यांचा तोल राखून जगावे, उधळू नये आणि कुढतही राहू नये.

हिशोब प्रामाणिक हवा

गाडी प्रत्येकाने घ्यावी, असे आम्ही म्हणत नाही. जुन्या लहान पेट्रोल गाडीचे अ‍ॅव्हरेज लिटरला १६ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरू. रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, तर पेट्रोल सुमारे ६,५०० रुपये. विमा, टायर, सर्व्हिसिंग यांसाठी महिन्याला २,५०० बाजूला काढले तर एकूण ९,०००. एकटा माणूस जात असेल तर हा तोट्याचा व्यवहार आहे. त्याने एसटीचा पास काढावा किंवा मोटरसायकल वापरावी. पण त्याच रस्त्याने घरातले आणि शेजारचे मिळून चार जण जात असतील तर माणशी सव्वादोन हजार पडतात. पाऊस, रात्रीची पाळी, आजारी आई, सकाळी सातचे परीक्षा केंद्र, या सगळ्याची सोय त्यातच होते. मात्र एकत्र जाताना खर्च वाटून घेणे वेगळे आणि पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून परवान्याशिवाय सीटमागे भाडे घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात कायदाही मोडतो आणि अपघात झाला तर विमाही अडतो.

घेताना कागदांत कच्चे राहू नका. आपल्या माणसांची सर्वात मोठी फसवणूक इंजिनात होत नाही, कागदात होते. इंजिन आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली चलाने ऑनलाइन दिसतात, ती आधी विकणाऱ्याला भरायला लावा. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलून घ्या. "नंतर बघू" म्हणणाऱ्या एजंटावर विसंबू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अपघाताची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, म्हणून आपली गाडी विकतानाही हे लक्षात ठेवा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर फेरनोंदणीचा खर्च किमतीतून कमी करा. आणि सौदा ठरण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. नवे डेंटिंग-पेंटिंग बघून भुलू नका.

विम्याबद्दल आणखी एक. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा पैसा मिळत नाही. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा-कोरेगावला अभिवादनासाठी गेलेल्या आपल्या लोकांच्या गाड्या फोडल्या गेल्या, जाळल्या गेल्या. परवडत असेल तर पूर्ण विमा घ्या. मॉन्टगोमेरीत विम्यावरच घाव का घातला गेला, हे यावरून समजेल.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, गाड्या घेतल्या तर सार्वजनिक वाहतुकीची मागणी कोण करणार? आक्षेप रास्त आहे. ज्याच्या दारात गाडी आली तो फाट्यावरच्या बसची तक्रार करायचे सोडतो, हे आम्ही वस्त्यांत काम करताना पाहतो. म्हणून गाडी असणाऱ्यावर जबाबदारी जास्त आहे. वस्तीपर्यंत बस यावी, रात्रीची फेरी असावी, यासाठी डेपोत निवेदन द्यायला त्यानेच चार माणसे गाडीत घालून न्यावीत.

दुसरा प्रश्न आपण स्वतःलाच विचारायचा आहे. गाडी घरात आली, पण किल्ली कोणाच्या खिशात? नवरा किंवा मुलगा घरी नसला की गाडी दारात उभी आणि बाई फाट्यावर वडापची वाट बघत असेल, तर आपण लगामाची मालकी फक्त एका हातातून दुसऱ्या हातात दिली. चाळीसगावच्या त्या माणसाला कोणी हाकायला शिकवले नव्हते. आज आपण आपल्याच घरातल्या मुलींना शिकवत नसू, तर दोष दुसऱ्या कोणाला देणार?

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास बसा. वस्तीतून रोज कोण कुठे जाते, किती वाजता, याची यादी करा. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना विचारा, जे घेणार आहेत त्यांची कागदपत्रे तपासायला मदत करा. अठरा वर्षांवरील मुलींची शिकाऊ लायसन्ससाठी नावे घ्या. रात्री कोणाला दवाखान्यात न्यावे लागले तर कोणाला हाक मारायची, ते तीन नंबर विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

जय भीम!